रंगभूमीची नीती आणि कलंकाची वाटणी

पदवीच्या वर्गाला साहित्यशास्त्र शिकवताना प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल यांचा वाद दरवर्षी येतो. नाटक भावनांना खतपाणी घालते आणि विवेकाला दुबळे करते, म्हणून आदर्श राज्यातून कवी-नाटककारांना निरोप द्यावा, हे प्लेटोचे मत. करुणा आणि भीती जागवून शोकांतिका त्याच भावनांचे विरेचन घडवते, हे अ‍ॅरिस्टॉटलचे उत्तर. विद्यार्थी वहीत दोन रकाने आखतात, एकात दोष लिहितात, दुसऱ्यात गुण लिहितात, आणि परीक्षेतील दहा गुणांची तजवीज होते. मीही असाच शिकलो आणि कित्येक वर्षे असेच शिकवले.

मागच्या वर्षी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. म्हणाली, "सर, माझे पणजोबा तमाशात होते. आई म्हणते, कॉलेजात कुणाला सांगू नको. मग नाटकानं नीती सुधारते असं लिहायचं, की बिघडते असं?"

मी तिला 'उद्या बोलू' म्हटले. तो उद्या यायला बराच काळ लागला, कारण प्रश्न माझ्याही घरचा होता. माझे आजोबा एका फडात ढोलकी वाजवत. १९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या वस्तीने मेलेली ढोरे ओढणे सोडले, येसकरकी सोडली, गावच्या लग्नामयतीला वाजवणे सोडले. त्याच ओघात आजोबांनी फडही सोडला. ढोलकी आढ्याला टांगली ती टांगलीच. पुढे वस्तीत भीमगीतांची गायनपार्टी निघाली. माझे वडील तीत गात. पण आजोबांनी तिथेही ढोलकीला हात लावला नाही. कुणाचा ठेका चुकला की ओट्यावर बसल्या बसल्या ते मांडीवर बोटांनी बरोबर ठेका धरीत, एवढेच. घरात आम्ही कुणी त्यांना याबद्दल कधी विचारले नाही. हा माणूस फड सोडून नीतिमान झाला, की त्याच्या हातची कला गेली? दोन रकान्यांत हा प्रश्न बसत नाही.

रंगभूमी लोकांची नीती सुधारते की बिघडवते, हा वाद अडीच हजार वर्षे चालू आहे. माझे म्हणणे असे आहे की, हा वाद बहुतेक वेळा बसलेल्या माणसांनी केला आहे. प्रेक्षकाच्या मनाचे काय होते, हे त्यांनी बारकाईने विचारले. नाचणाऱ्याचे, वाजवणाऱ्याचे, सोंग आणणाऱ्याचे काय होते, हे क्वचितच विचारले. आणि विचारले तेव्हा त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. रंगभूमीच्या नीतीचा विचार करायचा तर आधी ही बैठक तपासली पाहिजे. कोण बसले आहे, कोण उभे आहे, पैसा कुणाचा आहे, आणि खेळ संपल्यावर कलंक कुणाच्या वाट्याला जातो?

१

प्रथम प्लेटोच घेऊ. 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या भागात तो सांगतो की, राज्याच्या रक्षकवर्गातील तरुणांनी बायका, गुलाम, कारागीर, वेडे यांची सोंगे करू नयेत. का? तर नक्कल करता करता ती सवय होते आणि अंगात मुरते. आपल्याकडच्या वाचकाला हे वाचताना विटाळाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. गुलाम हीन आहे हे येथे सिद्ध करावे लागत नाही, ते गृहीतच आहे. भीती एवढीच, की त्याची नक्कल केली तरी त्याचे हीनत्व लागेल.

उत्तरायुष्यात लिहिलेल्या 'द लॉज' या ग्रंथात तर प्लेटो आडपडदा ठेवीत नाही. हास्यास्पद आणि ओंगळ काय हे समजल्याशिवाय उदात्त काय हे समजत नाही, म्हणून प्रहसने असावीत, असे तो मान्य करतो. परंतु ती करून दाखवण्याचे काम गुलामांना आणि मोल देऊन आणलेल्या परक्यांना द्यावे, स्वतंत्र नागरिकाने ते शिकूही नये, असा दंडक घालतो. म्हणजे नीतीचे शिक्षण बसलेल्याला, आणि विटाळ उभ्याला. साहित्यशास्त्राच्या आमच्या पाठ्यपुस्तकांत विरेचनावर पानेच्या पाने असतात. या वाटणीवर मला एकही ओळ आढळली नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रातही हीच वाटणी कथारूपाने आली आहे. वेदाचा व्यवहार शूद्रांच्या कानी पडू द्यायचा नाही, म्हणून सर्व वर्णांसाठी पाचवा वेद निर्माण कर, अशी विनंती इंद्रादी देव ब्रह्मदेवाला करतात आणि नाट्यवेद जन्मतो, असे पहिल्या अध्यायात सांगितले आहे. भारतीय नाट्यकलेच्या उदार परंपरेची साक्ष म्हणून ही कथा व्यासपीठावरून फार सांगितली जाते. पण तिचे पुढचे भाग सांगितले जात नाहीत. पहिल्याच प्रयोगात देवांचा विजय आणि दैत्यांचा पराभव दाखवला गेला. ज्यांचा पराभव दाखवला ते प्रेक्षकांतच होते. त्यांनी प्रयोग बंद पाडला, तर इंद्राने ध्वजाचा दंड उचलून त्यांना झोडपले. समजूत घालण्याचे शहाणपण ब्रह्मदेवाला त्यानंतर सुचले.

आणि शेवट? नाट्यशास्त्राच्या अखेरीस भरताचे पुत्र ऋषींची टवाळी करणारा प्रयोग करतात. ऋषी संतापतात आणि शाप देतात की, तुम्ही शूद्र व्हाल, तुमचा वंशही तसाच राहील. येथे विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, दैत्यांची विटंबना केली तेव्हा नट पवित्र होते. ऋषींची विटंबना केली तेव्हा ते भ्रष्ट झाले. नाटक नीती बिघडवते असा निवाडा झाला तो हसण्यामुळे नव्हे. कुणाला हसले, यावरून झाला. आणि शिक्षा काय झाली, तर वर्ण खाली ढकलला गेला. ज्या समाजात शूद्र होणे हीच शिक्षा आहे, त्या समाजाची नीतिकल्पना काय दर्जाची आहे हे वेगळे सांगायला नको.

२

युरोपात या वादाला सर्वांत धार आली ती अठराव्या शतकात, जिनिव्हा शहराच्या निमित्ताने. त्या प्रजासत्ताकात धर्मशिस्त कडक होती आणि नाटकगृहाला मज्जाव होता. १७५७ मध्ये फ्रेंच ज्ञानकोशाच्या सातव्या खंडात द'अलांबेर याने जिनिव्हावर नोंद लिहिली आणि तीत सुचवले की, या शहराने नाटकगृह काढावे. शहराच्या वेशीवर राहणारा व्होल्तेर नाटकाचा भोक्ता होता आणि द'अलांबेर त्याच्याकडे राहून आला होता. पुढच्याच वर्षी, १७५८ मध्ये, जिनिव्हाचा नागरिक रूसो याने द'अलांबेरला उद्देशून एक दीर्घ पत्र प्रसिद्ध केले आणि नाटकगृहाला कडाडून विरोध केला. रूसो स्वतः नाटके आणि संगीतिका लिहिणारा. १७५२ मध्ये त्याची संगीतिका फ्रान्सच्या राजापुढे झाली होती. तेव्हा कलेला पारखा असलेल्या धर्ममार्तंडाचा हा त्रागा नव्हता.

द'अलांबेरचा मुद्दा दलित वाचकाला चटकन पटावा असा आहे. नट अनीतिमान असतात, ही तक्रार खरी मानली तरी त्यांना तसे कोणी केले? कायद्याने आणि लोकभ्रमाने आधी त्यांना हीन ठरवले, आणि मग हीन म्हणून बोट दाखवले. चांगले कायदे करा, नटांना नागरिकाचा मान द्या, म्हणजे सभ्य नटांचा संच उभा राहील, असे तो म्हणतो. त्या काळच्या फ्रान्समध्ये नट चर्चच्या दृष्टीने बहिष्कृत होता. मोलिएर १६७३ मध्ये वारला तेव्हा राजाने रदबदली केल्यावर त्याला रात्रीच्या अंधारात पुरण्याची परवानगी मिळाली. अद्रिएन लकुव्हरर ही थोर नटी १७३० मध्ये वारली, तिला तर धर्मविधीने दफनही मिळाले नाही. ज्या लोकांना तिने रडवले, हसवले, त्यांच्या स्मशानात तिला जागा नव्हती. स्मशान वेगळे असणे म्हणजे काय, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

रूसोला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. त्याच्या मते दोष केवळ कायद्याचा नाही, नाटकगृहाच्या रचनेतच आहे. नाटककार लोकांच्या आवडीविरुद्ध जाऊ शकत नाही. गेला तर प्रेक्षागृह ओस पडेल. म्हणून नाटक लोकांच्या नीतीला वळण लावीत नाही, आहे त्या वळणालाच रंग चढवते. नाटकगृह हा गरिबाच्या खिशावरचा जास्तीचा करच ठरतो, हाही हिशेब त्याने मांडला आहे. पण त्याचा सर्वांत भेदक मुद्दा अश्रूंविषयी आहे. रंगमंचावरच्या दुःखाला आपण रडतो तेव्हा आपल्याला वाटते की आपले कर्तव्य झाले. या रडण्यात आपले काही जात नाही. खऱ्या दुःखिताला मदत करायची तर पैसा, वेळ, धोका पत्करावा लागतो. येथे फक्त डोळे ओले होतात आणि स्वतःच्या मनाच्या थोरवीवर खूश होऊन माणूस घरी जातो. दाखला म्हणून रूसो फेरे नगरीच्या जुलमी अलेक्झांडरची गोष्ट देतो. अँड्रोमाकी आणि प्रायम यांचे दुःख पाहून आपण रडताना दिसू, या भीतीने तो नाटकाला उघड बसत नसे. रोज त्याच्या हुकमाने मारल्या जाणाऱ्यांच्या किंकाळ्या मात्र तो निर्विकारपणे ऐके.

रूसोच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. स्त्रियांविषयी या पत्रात त्याने जे लिहिले आहे ते मनूला शोभेल असे आहे. स्त्रीची शोभा घराच्या आड, रंगमंचावर उभी राहणारी स्त्री शील गमावलेली, असा त्याचा सूर आहे. ज्या जिनिव्हाच्या साधेपणाचे तो गोडवे गातो, तेथेही शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या अनेक कुटुंबांना केवळ जन्मामुळे राजकीय हक्क नव्हते. त्या पायरीखालच्या माणसाच्या जागी उभा राहून तो बोलत नाही.

परंतु पत्राच्या शेवटी तो एक पर्याय सुचवतो, तो विसरता येत नाही. बंद, अंधाऱ्या दालनात गप्प बसून दुसऱ्याचे सोंग पाहण्याऐवजी उघड्या चौकात लोकांनी एकत्र यावे, प्रेक्षकांनीच खेळात उतरावे, प्रत्येकाने स्वतःला दुसऱ्यात पाहावे. लहानपणी सेंट जर्व्हे भागातल्या चौकात शिपायांनी धरलेला फेर आणि त्यात उतरलेल्या बायामुलांची आठवण तो देतो. म्हणजे बसलेला आणि उभा हा भेदच मोडावा. द'अलांबेर म्हणतो, उभ्याला मान द्या. रूसो म्हणतो, बसणेच सोडा. एकाच्या हाती अर्धे सत्य आहे, दुसऱ्याच्या हाती उरलेले अर्धे.

३

हा वाद आपल्या मातीत उतरला तो तमाशाच्या रूपाने. उत्तर पेशवाईत लावणीला पुण्याच्या वाड्यांनी पोसले. नाचगाणे आणि वाजवणे बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी यांच्याकडे, बैठक सरदार-सावकारांची. पुढे इंग्रजी शिकलेला वर्ग उदयाला आला. १८८० मध्ये किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आल्यानंतर त्या वर्गाला स्वतःचे, घरच्या बायकांसह पाहता येईल असे संगीत नाटक मिळाले. तेथे पुरुष स्त्रीभूमिका करी आणि त्या भूमिकेची वेशभूषा घरंदाज स्त्रिया उचलीत. ती अभिरुची ठरली. गावकुसाबाहेरची स्त्री स्वतः फडात उभी राही, ती अश्लीलता ठरली. तमाशात अश्लील काही नव्हते, असे मला म्हणायचे नाही. फेटे उडवणाऱ्याच्या नीतीवर मात्र कधी समिती बसली नाही, हे मला म्हणायचे आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या सरकारने मुंबई राज्यात तमाशावर बंदी घातली. पुढे सुधारणेसाठी समिती आली, संहिता तपासून परवाने देण्याची पद्धत आली आणि बंदी उठली. लोकांची नीती सुधारावी हा हेतू. पण बंदीच्या काळात फडातल्या माणसांच्या चुली कशा पेटल्या, हा नीतीचा प्रश्न मानला गेला नाही. तमाशा धुऊन स्वच्छ झाला, त्याला 'लोकनाट्य' असे नाव मिळाले, तो शहरी नाट्यगृहांत गेला आणि तेथे गाजला. मूळचे फडकरी मात्र जत्रांच्या कनातीतच राहिले. कला शुद्ध झाली आणि कलावंत बाहेर राहिला. प्लेटोची वाटणी जराशी उलटी फिरवून येथे अमलात आली.

या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांच्या दोन कृती एकत्र पाहिल्या पाहिजेत. पहिली नकाराची. ब्राह्मण घरात जन्मलेले शाहीर पठ्ठे बापूराव आणि महार समाजातील नर्तकी पवळा यांचा फड महाराष्ट्रभर गाजत होता. बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न चळवळीच्या निधीला देऊ केले, तेव्हा आमच्या बाया नाचवून मिळालेला पैसा नको, असे सांगून बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकीकत आजही सांगितली जाते. जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, पोतराज यांच्यापुढे बोलताना त्यांनी तो जीवनक्रम सोडण्याचे कठोर आवाहन केले.

दुसरी कृती स्वीकाराची. भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी जलसा घेऊन गावोगाव हिंडत होते. आपल्या दहा सभांची बरोबरी कर्डकांचा एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणत, अशी आठवण आहे. वरवर पाहता ही विसंगती वाटेल. ढोलकी तीच, गणाने सुरुवात करण्याचा साचा तोच, सोंगाड्याही तोच. मग एकीकडे नकार का आणि दुसरीकडे गौरव का?

उत्तर बैठकीत आहे. फडात महाराची मुलगी उभी आणि पाटील बसलेला. तो खूश झाला की पैसा फेकणार, आणि सकाळी तिच्या सावलीचा त्याला विटाळ. जलशात वाजवणारा आणि ऐकणारा एकाच वस्तीतले. पैसा फेकणारा कोणी नाही. हसू येते ते भटजीच्या, सावकाराच्या आणि आपल्याच दारूबाज भाऊबंदाच्या सोंगावर. सत्यशोधक जलशांनी आखलेली वाट आंबेडकरी जलशांनी पुढे नेली. काळारामाचा सत्याग्रह, शिक्षण, व्यसन हे विषय त्यांनी वगात आणले. आणि खेळ संपल्यावर कलंक कोणाच्याच वाट्याला जात नसे. उरे ते काम. उद्या मूल शाळेत घालायचे, उद्या मढे ओढायचे नाही. रूसोने चौकाचे स्वप्न पाहिले. आमच्या माणसांनी, बहुधा रूसोचे नावही न ऐकता, ते पेट्रोमॅक्सच्या उजेडात करून दाखवले.

४

येथे थांबलो तर लेख टाळ्यांचा होईल, पण खरा होणार नाही. आपल्या चळवळीलाही काही विचारले पाहिजे. जलशाने गौळण काढून टाकली. नाचणारी स्त्री गेली ते योग्यच झाले, पण तिच्या जागी बोलणारी स्त्री आली नाही. बहुतेक ठिकाणी स्त्रीची भूमिका पुरुषच करू लागला. बापूरावांचा देकार नाकारला गेला, त्या हकीकतीत बापूराव आहेत, बाबासाहेब आहेत. पवळा काय म्हणाली, हे कोणी नोंदवलेले मला आढळले नाही. तो नकार तिच्या माणूसपणासाठी होता, हे मी मनापासून मानतो. म्हणूनच तिचा आवाज त्या हकीकतीत नसणे मला खटकते. जिने फड सोडला तिच्या पोटाची सोय वस्तीने काय केली? आणि जिने सोडला नाही, तिला आपण आपली म्हटले का? माझ्या विद्यार्थिनीची आई आजही ते नाव लपवते, याचा अर्थ कलंकाची वाटणी आपल्याही घरात शिल्लक आहे.

विठाबाई नारायणगावकर यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या फडात त्या वाढल्या; जात फडाच्या नावातच होती. खेळ चालू असताना पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. आणि २००२ मध्ये त्या वारल्या त्या विपन्नावस्थेत. आज त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. पॅरिसच्या मोलिएरला रात्री पुरले. आम्ही आमच्या विठाबाईला दिवसा हार घातला आणि रात्री विसरलो.

आता दलित रंगभूमीविषयी. प्रेमानंद गज्वी यांच्या 'घोटभर पाणी'सारख्या एकांकिकेने जलशाची धग शहरी रंगमंचावर नेली, हे तिचे मोठे काम. पण रूसोचा प्रश्न येथेही उभा राहतो. काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी एका स्पर्धेत जातीय अत्याचारावरची एकांकिका केली. प्रेक्षागृहात हुंदके ऐकू आले. प्रयोगानंतर एक वृद्ध गृहस्थ मंचामागे आले, डोळे पुसत मुख्य भूमिका करणाऱ्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला, फार कौतुक केले. मग हळूच विचारले, "आडनाव काय तुझं?" मुलाने सांगितले. पाठीवरचा हात खाली आला. ते अश्रू खोटे होते, असे मी म्हणणार नाही. ते खरे होते आणि फुकटचे होते. एवढेच करून जर नाटक थांबत असेल, तर प्रस्थापितांच्या मनाचे विरेचन करण्याचे कंत्राट आम्ही घेतले आहे असे होईल. आमचे दुःख ही त्यांची हवापालट नव्हे.

म्हणून दलित समीक्षेने रंगभूमीच्या नीतीची कसोटी स्वतः ठरवली पाहिजे. विषय सोज्वळ आहे की अश्लील, शेवट सुखाचा की दुःखाचा, हे दुय्यम. उभा असलेला माणूस मंचावरून उतरल्यावर बसलेल्याच्या बरोबरीचा माणूस असतो का? आणि बसलेला माणूस घरी जाताना डोळे पुसून मोकळा होतो, की काही देणे लागतो? या दोन प्रश्नांना 'होय, उतरल्यावर बरोबरीचा. होय, देणे लागतो' असे उत्तर येते तेथे रंगभूमी नीती सुधारते. एरवी तिने कितीही उदात्त बोलावे, ती आहे ती वाटणीच पक्की करते.

त्या विद्यार्थिनीला मी शेवटी सांगितले की, उत्तरपत्रिकेत दोन्ही रकाने लिही, गुण मिळव. पण त्यांच्याखाली तिसरा रकाना आख आणि त्यात पणजोबांचे नाव लिही. तिने लिहिले की नाही, मला माहीत नाही. मी मात्र या लेखात माझ्या आजोबांची ढोलकी लिहून ठेवली आहे. त्यांनी ती टांगली तेव्हा कला सोडली नव्हती, एक बैठक सोडली होती. ती बैठक मोडून नवी मांडली, की ढोलकी खाली काढायला हरकत नाही.